आजाऱ्याला बघायला येऊ नका

माणूस अंथरुणाला खिळला की त्याला बघायला जायची आपल्याकडे रीत आहे. ती बंद करणं माझ्या हातात असतं तर मी कधीच केली असती. दिवाळीच्या अंकात असं लिहू नये हे मला कळतं. अंकाच्या बाई घरी आल्या होत्या. म्हणाल्या, "मावशी, इतकी वर्षं रुग्णसेवा केलीत, त्यातलं समाधान लिहा." मी म्हटलं, समाधान नाही, राग आहे, चालेल का? त्या हसल्या. त्यांना वाटलं मी गंमत करते. गंमत करायचं माझं वय राहिलेलं नाही.

माझं नाव वच्छला. राहते खोपोलीत. शाळा चौथीपर्यंत. आधी एका खाजगी दवाखान्यात आया होते, नंतर लोकांच्या घरी जाऊन पेशंट सांभाळू लागले. खोपोली, खालापूर, कर्जत, नेरळ या पट्ट्यात ज्या घरात कोणी आडवं पडलं, तिथे कधी ना कधी मला बोलावणं आलं. याला सेवा म्हणू नका. देवळात करतात ती सेवा. मी काम केलं, पगार घेतला आणि काम चोख केलं.

काम काय असतं, हे बाहेरच्याला कळत नाही. लोकांना वाटतं, गू-मूत काढलं की झालं. ते तर कोणीही काढेल. खरं काम कूस बदलण्याचं. एकाच अंगावर माणूस पडून राहिला की माकडहाडापाशी कातडी लाल होते, मग फाटते, मग जखम थेट हाडापर्यंत जाते. भरवायचं तर उशाला टेकवून, बसतं करून. घास गिळला की नाही हे तोंडाकडे बघून कळत नाही, गळ्याकडे बघायचं. ताप मोजायचा, लघवीचा रंग बघायचा, पायाला सूज आहे का ते अंगठ्याने दाबून बघायचं. हे सगळं मला सिस्टर लोकांनी शिकवलं, तेही ओरडून ओरडून. त्यांच्या शिव्या खाल्ल्या म्हणून माझ्या हातून फारशी माणसं सडली नाहीत.

पण जे कोणी शिकवत नाही ते सगळ्यात अवघड. बघायला आलेली माणसं कशी आवरायची?

खोपोलीत एक आजोबा होते, वीजकेंद्रातून निवृत्त झालेले. अर्ध्या अंगावरून वारं गेलेलं. त्यांचे एक जुने सोबती आले, शहाळं घेऊन. मी बाथरूममध्ये बादली धूत होते. तेवढ्यात या गृहस्थांनी उताण्या पडलेल्या माणसाच्या तोंडात शहाळ्याचं पाणी ओतलं, मोठ्या प्रेमाने. ते सगळं छातीत गेलं. आजोबा वाचले, पण पुढे किती दिवस नाकातल्या नळीने जेवले. सोबती पुन्हा आले तेव्हा मला विचारतात, "शहाळं बाधलं वाटतं? थंड असतं ना." मी म्हटलं, "शहाळं नाय, तुमी बाधलात." त्यांनी घरच्यांकडे माझी तक्रार केली.

उलटही पाहिलं. नेरळला एका मुसलमान कुटुंबात खुब्याचं हाड मोडलेली म्हातारी होती, फार गोड बाई. त्यांचं कापडाचं दुकान, ओळखी गावभर. पण मुलाने बाहेर अंगणात खुर्च्या टाकल्या होत्या. येईल त्याला तिथेच सरबत द्यायचा. म्हणायचा, "दुआ इथून पण पोचते, चाचा. अम्मीला दुआ लागू दे, हात नको लागायला." लोक थोडे रुसले, सरबत प्यायले आणि गेले. म्हातारी चालायला लागली. एवढं सोपं असतं ते. पण घरचा माणूस उभा राहावा लागतो. पगारी बाईने तेच केलं तर ती फटकळ.

आता निर्मलाचं सांगते. खरं तर तेवढ्यासाठीच मी हे लिहायला बसले.

निर्मला कडावची. तिशीतली. नवरा प्रकाश खोपोलीच्या कारखान्यात, घरी सासू द्रौपदीबाई, थोडी भातशेती आणि म्हशी. म्हशी निर्मलाच बघायची. पहाटे धार काढून दूध डेअरीला घालायची. एक दिवस डेअरीच्या दारात तिने किटलीतलं सगळं दूध जमिनीवर ओतलं आणि हसत बसली. मग तिची झोप उडाली. मग सासूला ओळखेना, नवऱ्याला चावली. मग तोंड सारखं वेडंवाकडं व्हायला लागलं आणि दोन्ही हात हवेत चालायला लागले, समोर नसलेल्या म्हशीची धार काढल्यासारखे. शेवटी झटके आले. तोवर घरच्यांनी अंगारे केले होते, वेडाच्या गोळ्या केल्या होत्या. झटके आल्यावर पनवेलकडच्या मोठ्या रुग्णालयात नेलं. तिथे मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी पाठीच्या कण्यातलं पाणी काढून तपासलं तेव्हा रोग सापडला. मेंदूला सूज होती, पण जंतूमुळे आलेली नव्हती.

निर्मला घरी यायची ठरली तेव्हा तिथल्या सिस्टरने मला फोन केला. मी आधी तिथे जाऊन डॉक्टरीणबाईंना भेटले. काम घ्यायच्या आधी आजार समजून घ्यायचा, हा माझा नियम. बाई म्हणाल्या, आपल्या शरीरात रोगाशी लढणारे सैनिक असतात, ते हिच्या मेंदूवरच उलटलेत. सैनिक मी बघितलेले नाहीत. मी म्हटलं, "म्हणजे राखणीचा कुत्रा घरच्यांनाच चावायला लागला, असं?" बाई म्हणाल्या, "अगदी तसंच."

"मग त्याला मारायचा?"

"मारता येत नाही, मावशी. तो मेला तर घर उघडं पडेल. त्याला बांधून, गुंगीत ठेवायचा. काही वर्षं."

तर औषध असं होतं. आधी मोठी इंजेक्शनं झाली, मग यंत्रातून रक्त फिरवून धुतलं. पोटात कुठे गाठ आहे का तेही बघितलं, कारण या आजारात बायकांना कधी कधी असते म्हणे. हिला नव्हती. आता घरी गोळ्या, त्या हळूहळू कमी करायच्या, एकदम बंद केल्या तर जीवावर येतं. आणि दर सहा महिन्यांनी रुग्णालयात एक दिवस सलाइनमधून औषध, तेच कुत्र्याला बांधणारं. एखादी वेळ चुकली आणि कुत्रा सुटला तर रोग परत येणार. आणि कुत्रा बांधलेला असेतो चोर कोणीही यावा. साधी सर्दीसुद्धा छातीत उतरू शकते. बाईंनी प्रकाशला आणि सासूला समोर बसवून मराठीत सांगितलं, गर्दी नको, ताप आला की त्याच दिवशी फोन, आणि घरात किंवा पाहुण्यांत कोणाला गोवर, कांजिण्या, नागीण असेल तर त्याची सावलीही हिच्यावर पडू द्यायची नाही. चुकून संबंध आलाच तर लगेच कळवायचं, त्यावर इंजेक्शन असतं, पण ते वेळेत द्यावं लागतं. दोघांनी माना हलवल्या. माझ्याकडे बघून बाई म्हणाल्या, "मावशी, तुम्ही दाराशी बसा."

मी अक्षरशः दाराशी बसले. पडवीतून आत जायच्या दाराला माझी खुर्ची. निर्मलाचं आवरून झालं की मी खुर्चीवर. आणि सगळी भावकी यायला लागली. टेंपो करून आली. प्रत्येकाला आत जाऊन तिच्या गालावरून हात फिरवायचा होता. गोळ्यांनी तोंड सुजून गोल झालेलं, ते बघून बायका म्हणायच्या, "चांगली अंगानं भरलीय की! आता कशापायी औषधं?" जिला भात कालवून खाता येत नव्हता, ती यांना भरलेली दिसायची.

एक तात्या म्हणून होते, काठी टेकत आले. म्हणाले, "बाजूला हो गं. या पोरीचं लगीन मी जमवलंय."

मी म्हटलं, "तात्या, लग्नात पुढं बसलात ना? आता मागं बसा. खोकला हाय तुमाला."

"हा म्हातारपणाचा खोकला."

"तिला पण म्हातारपण बघू दे की."

तात्या बसले पडवीत, चहा प्यायले, माझ्या सात पिढ्या काढून गेले. द्रौपदीबाईंचा जीव मात्र खाली-वर व्हायचा. "वच्छीबाई, जरा गोड बोला ओ. उद्या आमच्याकडं कोण येईल?" त्यांना सुनेची काळजी नव्हती असं मी म्हणणार नाही. तिच्यासाठी त्या रात्रंदिवस झिजत होत्या. पण मेंदूतली सूज त्यांना दिसत नव्हती आणि पाहुण्याचं उतरलेलं तोंड दिसत होतं.

तिकडे निर्मला सुधारत होती. अगदी सावकाश. आधी नजर ठरली, मग हवेतली धार थांबली. मग एकेक शब्द यायला लागला. पहिला शब्द ‘पाणी’ नव्हता की नवऱ्याचं नाव नव्हतं. बाहेर म्हैस ओरडली तर ही म्हणाली, "भुकेलीय." प्रकाश जेवत होता, तो ताटावरून उठून गोठ्यात गेला आणि तिथेच रडला. पुढे ती पाच-सहा शब्द जोडून बोलायला लागली, मला हाक मारायला लागली. सलाइनची दुसरी वेळ जवळ आली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, ही आणि पुढची नीट गेली तर बाई पुन्हा उभी राहील. एवढंच सांभाळायचं होतं, ती वेळ येईपर्यंत अंगात काही शिरू द्यायचं नव्हतं.

आणि सुरेखा आली.

सुरेखा म्हणजे प्रकाशची धाकटी बहीण, खालापूरकडे दिलेली. स्वभावाने चांगली, वहिनीवर जीव टाकणारी. तिच्या लहान मुलीला कांजिण्या आल्या होत्या. आमच्याकडे कांजिण्या आल्या असं म्हणत नाहीत. देवी आली म्हणतात. नावसुद्धा घ्यायचं नाही. दाराला कडुलिंबाचा डहाळा, घरात फोडणी नाही, कोणाकडे जाणं नाही, औषध तर नाहीच, देवीवर औषध केलं तर कोपते. हे सगळं सुरेखाने काटेकोर पाळलं. लोक हसतात या गोष्टींना, मी हसत नाही. घराबाहेर जायचं नाही हा नियम चांगलाच आहे की. पण मग कडुलिंबाच्या पाण्याने आंघोळ घातली, दहीभाताचा नैवेद्य दाखवला, की देवी आपल्या घरी गेली असं समजतात. अंगावरच्या फोडांनी ते समजून घ्यायला हवं ना!

सुरेखाने नवस बोलला होता. देवी घरी आली आहे, पोरगी म्हणजे आता देवीच, तिच्या हातचा दहीभात वहिनीच्या तोंडात गेला की वहिनी बरी होईल. म्हणून देवी पाठवली त्याच दिवशी ती पोरीला आणि डब्यातला दहीभात घेऊन कडावला हजर.

दुपारची वेळ. पोरीने नवा फ्रॉक घातलेला, कपाळाला हळद. मी तिला जवळ घेतलं आणि कानामागचे केस बाजूला केले. खपल्या होत्याच, पण मध्ये दोन-तीन फोड पाणीदार, टरटरलेले. मी म्हटलं, "सुरेखा, हे काय?"

तिने पटकन हात जोडले. "मावशी, नाव नका घेऊ. देवी गेली."

"गेली नाय, हे बघ बसलीय अजून. पोरीला घेऊन आल्या पावली माघारी जा."

"असं काय बोलता ओ? मी वयनीसाठीच आलेय."

"वयनीसाठीच जा म्हणते."

आतून द्रौपदीबाई आल्या. मी त्यांना फोड दाखवले. डॉक्टरीणबाईंचे शब्द आठवण करून दिले. त्या फोडांकडे बघेचनात. म्हणाल्या, "माहेरवाशीण हाय ती. तिला तिच्या आईच्या दारातनं परत लावू?"

"आज लावा. पुढल्या महिन्यात पुरणपोळी करून घाला."

"वच्छे, घर तुझं नाय!"

आतापर्यंत वच्छीबाई होते, आता वच्छे झाले. मी खुर्चीवरून उठले नाही. सुरेखाने भावाला फोन लावला. प्रकाश कामावर होता, मागे यंत्रांचा आवाज. मी सांगायला लागले तर म्हणतो, "मावशी, दोन मिनिटांचं काम आहे. सुरेखाचं मन मोडू नका." मी म्हटलं, "प्रकाश, बायकोचा जीव आणि बहिणीचं मन एका ताजव्यात घालू नकोस." त्याने फोन ठेवला. साहेब आले असतील किंवा नसतील.

मग द्रौपदीबाई मऊ झाल्या. "बरं, र्‍हाऊ दे. सुरेखा, चल, मागं गोठ्याकडं, म्हशी बघ." मला वाटलं, जमलं. त्या तिघी घराला वळसा घालून गेल्या. मी पडवीत, पुढचं दार राखत. या घराला परसदार आहे हे मला काय ठाऊक नव्हतं? रोज मी तिथूनच कपडे वाळत घालायला जात होते. पण सासू आपल्याच सुनेच्या जीवावर चोरवाटेने पाहुणे घालेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. आतून हसण्याचा आवाज आला तेव्हा मी धावले.

पोरगी निर्मलाच्या मांडीवर बसली होती. इवल्या बोटांनी दहीभात भरवत होती. निर्मला हसत होती, आजार झाल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने. तिने पोरीच्या गालाचा मुका घेतला. सुरेखा पदराने डोळे पुसत होती, द्रौपदीबाई हात जोडून उभ्या. एखाद्याने फोटो काढला असता तर म्हणाला असता, काय सुखाचं घर आहे!

मी पोरीला उचललं आणि बाहेर नेऊन ठेवलं. ती रडली. त्या पोरीचा काही दोष नव्हता. मग निर्मलाचं हात-तोंड धुतलं, कपडे बदलले, पण वाऱ्यावरून येणारा आजार हात धुऊन जात नाही, ते मलाही माहीत होतं. मी तिथेच उभी राहून सिस्टरला फोन केला. तिने डॉक्टरीणबाईंना विचारून सांगितलं, उद्याच्या उद्या घेऊन या, इंजेक्शन द्यायचं आहे, थांबू नका.

संध्याकाळी प्रकाश आला. मी सगळं सांगितलं. त्याची आई मध्येच बोलली, "देवीच्या नावानं सुई टोचायची? सुरेखाच्या पोरीवर कोप झाला म्हंजे? तुला भाची नको झालीय का रं?" प्रकाश एकदा आईकडे, एकदा माझ्याकडे. शेवटी म्हणाला, "मावशी, दोन दिवस बघू. अंगावर काही दिसलं तर नेऊ."

"दिसल्यावर ती सुई लागत नाय. दिसायच्या आधी लागते."

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाय. ज्या डॉक्टर हायत त्या फोनवर हायत. घे, बोल."

त्याने फोन घेतला नाही. मला अजून तो हात दिसतो, खिशात घातलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी द्रौपदीबाईंनी मला सांगितलं, तुम्ही आता घरी जा, आमचं आम्ही बघू. निर्मलाने विचारलं, "मावशी, कुठं?" मी म्हटलं, "खोपोलीला." आणखी काय सांगणार? घरच्यांनी जा म्हटल्यावर आम्हाला जावं लागतं, मग पेशंट दारातून बघत का असेना. खोपोलीत येऊन मी सिस्टरला सांगितलं, त्यांनी घरी फोन केले. रुग्णालयाचा नंबर दिसला की हे उचलत नव्हते.

पुढे काय झालं ते तुम्हाला कळलंच असेल. दोन-अडीच आठवड्यांनी प्रकाशचा मला फोन. "मावशी, तिला ताप आहे. अंगावर... ते आलंय. आई म्हणते कडुलिंब लावू." मी त्याला काय बोलले ते अंकात छापता येणार नाही. पण तो तासाभरात गाडी करून निघाला, आणि मी पनवेलला आधीच जाऊन दारात उभी राहिले.

साध्या पोराला आठवड्यात बऱ्या होणाऱ्या कांजिण्या, त्या निर्मलाच्या अंगावर बोट ठेवायला जागा ठेवेनात. तोंडात, घशात, आणि मग छातीत. यंत्राने श्वास द्यावा लागला. डॉक्टरीणबाई प्रकाशवर अशा ओरडल्या की सगळा वॉर्ड गप्प झाला. मला बरं वाटलं. मग मला म्हणाल्या, "तुम्हाला दाराशी बसवलं होतं ना, मावशी?" मी म्हटलं, "घराला दारं दोन होती." मला त्यांचाही राग आला. पुढच्या पेशंटच्या वेळी त्या तेच वाक्य सांगणार, दाराशी बसा. दाराशी बसायला हक्क लागतो. तो पगारात येत नाही.

निर्मला वाचली. पण अंगात एवढा जंतू असताना कुत्र्याला आणखी बांधता येत नाही. सलाइनची वेळ आली आणि गेली. गोळ्याही कमी कराव्या लागल्या. आणि कुत्रा सुटला. फोडांच्या खपल्या पडत होत्या आणि एक दिवस मी बघितलं, चादरीवरचे तिचे दोन्ही हात उचलले गेले आणि हवेत चालायला लागले. मी ते हात धरून ठेवले. म्हणजे थांबतील अशातला भाग नव्हता. मला ते बघवेना, एवढंच.

पुन्हा मोठी इंजेक्शनं. पुन्हा रक्त धुणं. पुन्हा शून्यापासून. आलेले सगळे शब्द गेले.

निर्मला घरी यायची ठरल्यावर प्रकाश मला न्यायला खोपोलीला आला, तेव्हा मी अट घातली. परसदाराला कुलूप, किल्ली माझ्या कनवटीला, आणि कोणाला आत घ्यायचं ते मी ठरवणार, त्याच्या आईसमोर त्याने तसं सांगायचं. त्याने सांगितलं. आता द्रौपदीबाई सुनेच्या खोलीत शिरताना मला विचारतात, हात धुऊ का म्हणून. मला त्यात आनंद नाही. हेच आधी केलं असतं तर निर्मला आज धार काढत असती. म्हशी आता सासूच्या गळ्यात आहेत आणि तिच्याने होत नाही.

सलाइन पुन्हा सुरू झालं. निर्मला भिंतीला धरून चालते. शब्द पहिल्यापेक्षा कमी आहेत आणि उशिरा येतात. डॉक्टरीणबाई म्हणतात, येतील, पण किती येतील ते सांगत नाहीत.

गेल्या महिन्यात सुरेखा आली. एकटी, अंगणातच उभी राहिली. पायरीही चढली नाही. निर्मला खिडकीशी बसली होती. तिने बघितलं, बराच वेळ शब्द शोधला आणि म्हणाली, "वन्सं, जेवलात?" सुरेखा तिथेच खाली बसून रडायला लागली. मी बाहेर गेले.

"मावशी, मी वाईट मनानं केलं का?"

"नाय."

"वयनीनं मला माफ केलंय. प्रकाशदादानं पण."

"त्यांचं ते बघतील."

"तुमी?"

"मी नाय केलं."

तिने माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं असेल, म्हातारी बाई आहे, आता पाठीवरून हात फिरवेल. मी फिरवला नाही. तिला पोटभर रडून घरी जायचं होतं, हलकी होऊन. आणि इथली कूस मी बदलायची.

"मग मी करू तरी काय?" ती जरा चिडूनच म्हणाली.

"गोठ्यात सकाळपासनं शेण पडलंय," मी म्हटलं. "तुझ्या आईची कंबर धरलीय."

ती उठली. चांगली साडी नेसून आली होती. पदर खोचला आणि गोठ्यात गेली. शेण काढलं, वैरण घातली, म्हशीला धुतलं. निर्मला खिडकीतून बघत होती. म्हशीने शेपूट मारलं तेव्हा आतून म्हणाली, "ती लबाड." सुरेखा बाहेरून म्हणाली, "लय लबाड हाय गं." एवढंच बोलणं झालं त्यांचं.

आता ती दर रविवारी येते. घरात शिरत नाही. गोठा करते, धार काढते, खिडकीबाहेर थोडा वेळ उभी राहते आणि संध्याकाळच्या गाडीने जाते. चहा मी तिला गोठ्यातच नेऊन देते. ती पिते आणि मी समोर उभी राहते. मला अजून तिचा राग आहे.